अठ्ठावीस की तीस

कचेरीत तिला सगळे 'पुन्हाताई' म्हणत. तोंडावर म्हणण्याची हिंमत दोघातिघांचीच, पण नाव तिच्या कानावर आलेलं होतं आणि खरं सांगायचं तर तिला ते मनातून आवडायचं. कुठलाही तक्ता तिच्यापुढे ठेवला की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "पुन्हा एकदा बघू." ते बघून झालं की चष्मा पुसत म्हणायची, "आता शेवटचं. पुन्हा एकदा." तिच्या हाताखालून निघालेल्या कागदात चूक सापडली असं पंधरा वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. तिला त्याचा अभिमान होता, आणि अभिमानाहून जास्त धास्ती. एवढी वर्षं चूक झाली नाही म्हणजे आता कधीतरी होणार, असा तिचा हिशेब.

वय बावन्न. शिक्षण अर्थशास्त्राचं. बारा वर्षं कॉलेजात शिकवल्यावर ती या लहानशा संस्थेत आली. फर्निचरच्या दुकानावरच्या चार खोल्या, पाच माणसं, आणि खालून सतत येणारा पॉलिशचा वास. काम म्हणजे खटल्यांसाठी आकडेमोड, तीही बहुतेक औषध कंपन्यांच्या खटल्यांसाठी. शेजारीपाजारी विचारत, नेमकं करता काय तुम्ही? तेव्हा उत्तर तिचा नवरा द्यायचा. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून त्याला गोष्टी सोप्या करून सांगायची सवय लागलेली.

"दोन औषध कंपन्या गुपचूप हातमिळवणी करतात," तो सांगायचा. "ती केली नसती तर गोळी कितीला पडली असती, हे ही काढून देते."

"म्हणजे जे घडलंच नाही त्याचा भाव?"

"हो. घरातही तेच करते. जे घडलंच नाही त्याची काळजी."

या वेळचा खटला फिट येणाऱ्या रोग्यांच्या एका गोळीचा होता. गोळी एका मोठ्या कंपनीची. तिचं पेटंट संपत आलं होतं आणि एका लहान कंपनीची तशीच, पण बरीच स्वस्त गोळी तयार होती, फक्त सरकारी परवाना यायचा होता. मोठ्या कंपनीने लहान कंपनीशी एक करार केला. वरून तो जाहिरातीच्या मदतीचा होता, आतून त्याचा अर्थ एवढाच होता की तुम्ही इतक्यात बाजारात येऊ नका, त्याचे पैसे आम्ही देतो. स्वस्त गोळी त्यामुळे सव्वीस महिने उशिरा आली, असं पुन्हाताईचं म्हणणं. तेवढे महिने रुग्णालयं आणि औषधांची दुकानं महागडी गोळी घेत राहिली. त्यांनी मिळून दावा लावला होता, आणि त्यांचं नुकसान किती हे सांगणारी तज्ज्ञ साक्षीदार होती ती. अहवाल एकशे चाळीस पानांचा. चौदा महिने त्यात गेले होते. साक्षीला नऊ दिवस उरले होते.

साक्ष जवळ आली की तिचं ठरलेलं दुखणं सुरू व्हायचं. जेवण जायचं नाही. डावी पापणी फडफडायची. दाराला कुलूप लावून जिना उतरली की अर्ध्यातून परत वर जाऊन कुलूप ओढून बघायची. नवरा म्हणायचा, "पापणी सुरू झाली, म्हणजे कोर्टाची तारीख लागली. मला कॅलेंडर लागतच नाही."

त्या रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर तिने कागद पसरले होते. तिचे वडील समोर बसून चहा पीत होते. आई गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, ते तिच्याकडेच असत. वय एकोणऐंशी. आधी औषधाच्या दुकानात, मग एका मोठ्या रुग्णालयाच्या औषधभांडारात, अशी त्यांची एक्केचाळीस वर्षं गेली होती. हात थरथरायचे पण नजर धड होती, आणि छापलेलं काही दिसलं की वाचल्याशिवाय राहवायचं नाही. औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली माहितीपत्रकंसुद्धा ते शेवटपर्यंत वाचत. त्यांनी अहवालाच्या शेवटचा एक तक्ता उचलला.

"हे काय गं, सगळीकडे अठ्ठावीसच?"

"एका पाकिटात अठ्ठावीस गोळ्या असतात, बाबा. चार आठवड्यांच्या. वर वार छापलेले असतात." तिने मान वर केली नाही.

"ते दुकानातलं पाकीट. आमच्याकडे तीसचं यायचं."

"कुठे आमच्याकडे?"

"रुग्णालयात. दहाच्या तीन पट्ट्या. वारबीर काही नाही. सिस्टरला वार कशाला लागतो, ती रोज हाताने मोजून देते. नवीनच आली होती ती गोळी तेव्हा, महाग. कपाटाला कुलूप लावून ठेवायचो आम्ही."

"चौदा वर्षं झाली तुम्हाला निवृत्त होऊन. आता बदललं असेल."

"असेल," ते म्हणाले आणि त्यांनी कप उचलला.

तिने पेन्सिल खाली ठेवली. कंपनीने कोर्टात दिलेल्या विक्रीच्या यादीत रकाना होता तो नुसता 'पाकिटं' असा. पाकिटाच्या गोळ्या करताना तिने स्वतः अठ्ठावीसने गुणलं होतं. दुकानातून आणलेलं पाकीट कचेरीतल्या तिच्या टेबलावर होतं, ते उघडून तिने गोळ्या मोजल्या होत्या. दोनदा. रुग्णालयाचं पाकीट मात्र तिने कधी डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. वेगळं असेल असं मनातसुद्धा आलं नव्हतं.

तिने संगणक उघडला. कंपनीच्या कागदपत्रांची हजारो पानं होती, पण काय शोधायचं ते आता ठाऊक होतं. वीस मिनिटांत रुग्णालयांसाठीचं एक जुनं दरपत्रक सापडलं. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, दहा गुणिले तीन. मग त्यापुढच्या वर्षाचं सापडलं. मग त्यापुढचं. सगळीकडे दहा गुणिले तीन.

तिने सगळी दरपत्रकं परत पहिल्यापासून उघडून पाहिली.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. तुमचं बरोबर आहे."

हे ऐकून त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण तिचा चेहरा बघून त्यांनी कप हळूच खाली ठेवला आणि ते आपल्या खोलीत निघून गेले.

तिने काकांना फोन लावला. काका म्हणजे तक्तेवाले काका. संस्थेतले सगळ्यात जुने, साठीला आलेले, आकड्यांचे तक्ते बनवण्यात हयात गेलेली. ते तासाभरात घरी आले. दोघांनी मिळून रुग्णालयांचा भाग वेगळा काढला, तीसने गुणला, परत सगळं चालवलं. रुग्णालयांचा वाटा एकूण विक्रीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा होता. तीसच्या ठिकाणी अठ्ठावीस धरल्यामुळे महाग गोळी होती त्याहून महाग दिसत होती, आणि नुकसान फुगलं होतं. फुगलं होतं ते त्यांच्याच बाजूने. किती? काकांनी शेवटचा आकडा पाहिला आणि सुटकेचा श्वास सोडला.

"हजारात सहा, ताई. हजारात फक्त सहा! कुणाच्या खिजगणतीत नाही."

"चूक आपल्या फायद्याची आहे, काका."

"मी तेव्हा तपासायला हवं होतं. असं करा, माझ्याकडून झाली म्हणून सांगा. माझी दोन वर्षं राहिलीत. माझं काय बिघडणार आहे?"

"गुणाकार मी केला होता."

"ते कुणाला माहीत आहे?"

"मला," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी साडेसातला तिने वकीलबाईंना फोन केला आणि नऊला त्यांच्या कचेरीत जाऊन बसली. वकीलबाई रुग्णालयांच्या बाजूने लढत होत्या. सहा वर्षं त्या या खटल्याच्या मागे होत्या. भिंतीला लागून त्याच एका खटल्याची खोकी छतापर्यंत रचलेली होती.

"हजारात सहा," त्या म्हणाल्या. "एवढ्यासाठी साडेसातला फोन? मला वाटलं तुम्ही हॉस्पिटलात आहात की काय."

"दुरुस्तीपत्र द्यावं लागेल."

वकीलबाई उठल्या, दार लावून घेतलं आणि परत येऊन बसल्या. "नीट ऐका. आठ दिवस आधी दुरुस्ती दिली तर ते म्हणणार, तारीख पुढे ढकला. नाहीतर म्हणणार, हा अहवालच बाद करा, यांना पाकिटातल्या गोळ्यासुद्धा मोजता येत नाहीत. अहवाल बाद झाला तर नुकसान सांगायला माझ्याकडे दुसरं काहीही नाही. सहा वर्षं पाण्यात."

"पण त्यांना आधीच सापडली असेल तर? साक्षीत काढायची म्हणून दाबून ठेवली असेल तर?"

"असेलही. नसेलही. खोटं बोला असं मी म्हणत नाही. विचारलं तर खरं सांगा. पण विचारतील का, एवढाच माझा प्रश्न आहे."

"मला झोप यायची नाही."

"झोपेबद्दल कायद्यात कलम नाही हो, ताई." मग त्यांचाच आवाज खाली आला. "अहवाल तुमचा, सही तुमची. मी तुम्हाला अडवू शकत नाही आणि अडवणारही नाही. पण आज नको. उद्या बारापर्यंत विचार करा आणि मला सांगा."

आता इथे असं लिहायला हवं की पुन्हाताईने एका क्षणात ठरवून टाकलं. तसं झालं नाही. तो सगळा सोमवार तिने गप्प राहण्याच्या बाजूने विचार केला. बसमध्ये बसून तिने वाक्यसुद्धा तयार केलं, 'निकालावर परिणाम होण्याइतका हा फरक नाही असं माझं व्यावसायिक मत आहे.' वाक्य चांगलं होतं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. तिने ते मनात पाच-सहा वेळा म्हणून पाहिलं, आणि दर वेळी डोळ्यांसमोर समोरच्या बाजूचा अर्थतज्ज्ञ येत राहिला. तो तिचा कॉलेजातला वर्गमित्र. त्याला तेव्हापासून सगळे 'प्रोफेसर' म्हणत. तिच्याहून हुशार, निदान तिला तरी तसं वाटायचं. त्याला हे सापडलं नसेल? त्याने ते दरपत्रक वाचलं नसेल? बसमधून उतरताना ती एक स्टॉप पुढे गेली होती.

संध्याकाळी ती नवऱ्याच्या दुकानात गेली. तो एका चौकटीचे स्क्रू आवळत होता. तिने सगळं सांगितलं.

"माझ्याकडे नंबर पावने चुकला तर गिऱ्हाईक परत येतं," तो म्हणाला. "मी काच बदलून देतो. विषय संपला."

"आणि परत आलंच नाही तर?"

त्याने स्क्रू ड्रायव्हर थांबवला. "तर डोकं दुखत फिरत असेल बिचारं. मला कळणारही नाही." आणि मग जरा चिडूनच, "मला काय विचारतेस? तू काय करणार आहेस ते तुला माहीत आहे. तुझी पापणी बघ."

तिने मंगळवारी अकराला वकीलबाईंना फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या, "ठीक आहे. मग आजच देऊ. द्यायचंच तर एक दिवसही उशीर नको."

दुरुस्तीपत्र दोन पानांचं होतं. ते लिहायला अर्धा तास लागला, पण त्यानंतरचे तीन दिवस तिने आणि काकांनी बाकीचे बासष्ट तक्ते पहिल्यापासून तपासले. एका रुग्णालयाच्या भांडारात फोन करून पाकिटाचा फोटो मागवला. दुसरी चूक निघाली नाही. पण त्याने तिला हायसं वाटलं नाही. आपण आंधळे असलो तर परत बघूनही दिसणार नाही, असं तिला वाटायला लागलं होतं. चौसष्टच्या जागी शेहेचाळीस वाचून एकदा ती ओरडलीच. काकांनी मुकाट्याने चहा आणून दिला.

घरात बाबांनी तिच्या कागदांकडे बघणं सोडलं. ती टेबलाशी बसली की ते उठून जायचे. एकदा दारातच थांबून म्हणाले, "मी उगाच बोललो. माझी जीभ आवरत नाही."

"बाबा, तुम्ही नसता बोललात तर?"

"तर तू सुखाने जेवली असतीस."



समोरच्या बाजूने वकीलबाई म्हणाल्या तसंच केलं. तारीख पुढे ढकला, अहवाल बाद करा, असे दोन्ही अर्ज आले. न्यायाधीशांनी दोन्ही फेटाळले. जे विचारायचं ते उलटतपासणीत विचारा, असं सांगितलं. म्हणजे आता ते विचारणार हे नक्की झालं.

कोर्टाची खोली तिने कल्पिली होती त्याहून लहान होती. बिनखिडक्यांची, आणि पंख्यांऐवजी वरून गार हवेचा झोत नेमका साक्षीदाराच्या मानेवर येणारा. समोर माइक, पाण्याचा ग्लास, कागदी रुमालांचा डबा. रुमालांचा डबा बघून तिला धडकी भरली. इथे लोक रडतात की काय? तिने दोन्ही हात टेबलाखाली ठेवले. वकीलबाईंनी सकाळी तिच्याकडून अहवाल वदवून घेतला, दुरुस्तीही आपणहून सांगायला लावली. जेवणाच्या सुट्टीत ती पाण्याशिवाय काही घेऊ शकली नाही. दुपारी समोरचे वकील उभे राहिले.

ते हळू आवाजात बोलण्याबद्दल प्रसिद्ध होते. शाळेतले मास्तर आजारी मुलाची चौकशी करतात तसं ते विचारत. त्यांच्या मागे प्रोफेसर बसला होता. केस पूर्ण पांढरे झालेले. अधूनमधून तो चिठ्ठी लिहून पुढे सरकवायचा. प्रत्येक चिठ्ठीबरोबर तिचा जीव खालीवर व्हायचा.

वकिलांनी टेबलावर दोन पाकिटं ठेवली. "यातलं रुग्णालयाचं कोणतं?"

"डावीकडचं."

"हे तुम्हाला पंधरा दिवसांपूर्वी सांगता आलं असतं?"

"नाही."

"तुमच्या अहवालात अशा आणखी किती चुका आहेत?"

"मला माहीत असलेली एकही नाही. असती तर तीही दुरुस्त केली असती."

"पण नाहीतच, अशी खात्री देता?"

तिला 'हो' म्हणायचं होतं. "नाही," ती म्हणाली. "तशी खात्री मी देऊ शकत नाही."

वकीलबाई काहीतरी लिहीत होत्या, त्यांचं पेन थांबलं. खोलीत जरा कुजबुज झाली. तेवढ्यात न्यायाधीशांनीच पुढे झुकून विचारलं, "ही चूक तुमच्या लक्षात आली कशी?"

"माझ्या वडिलांनी दाखवली. ते रुग्णालयाच्या औषधभांडारात होते. टेबलावर कागद होता, त्यांनी तो सहज वाचला."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मग आणखी दोघंतिघं.

"म्हणजे," वकील अगदी मऊ आवाजात म्हणाले, "पाच माणसं, चौदा महिने, एकशे चाळीस पानं. आणि चूक सापडली चहा पिताना?"

"हो."

हे पाऊण तास चाललं. त्याच पाकिटांवरून ते उलटसुलट, आडवंतिडवं विचारत राहिले. आणि एका क्षणी त्यांनी दोन्ही पाकिटं उचलून खोक्यात ठेवली. ते बघून पुन्हाताईला इतकं हलकं वाटलं, की पुढचे प्रश्न तिने जणू पायऱ्या उतरत उतरत ऐकले. झालं. संपलं. मेले नाही मी.

पुढचे प्रश्न लहान कंपनीच्या परवान्याबद्दल होते. करार झाला नसता तर त्यांना गोळी बनवायचा परवाना केव्हा मिळाला असता? तिने तारीख सांगितली. ती कशावरून काढली? दुसऱ्या अकरा औषधांच्या सरासरीवरून. याच कंपनीचा कारखाना एकदा तपासणीत नापास झाला होता, हे माहीत आहे? माहीत होतं. अहवालाच्या नव्वदाव्या पानावर त्याबद्दल दोन ओळी होत्या.

"त्याने उशीर झाला नसता?"

"फारसा फरक पडला नसता," ती म्हणाली, आणि पाणी प्यायली.

त्यांनी "आभारी आहे" म्हटलं आणि ते बसले. बाहेर आल्यावर वकीलबाईंनी तिचा हात धरला. प्रोफेसर जिन्यात भेटला. थांबून म्हणाला, "आम्हाला ते पाकीट सापडलं नव्हतं बरं का. तुझ्या पत्रावरूनच कळलं." आणि तिला काय वाटेल याचा विचार न करता, किंवा करूनच, हसून निघून गेला. ती जिन्यातच कठड्याला धरून उभी राहिली. म्हणजे गप्प बसले असते तर कुणाला कळलंच नसतं. हे वाक्य तिच्या डोक्यात त्यानंतर कित्येक दिवस, भांडी विसळताना, दात घासताना, फिरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आतल्या पानावर चौकट आली, 'तज्ज्ञ मुलीची चूक वडिलांनी पकडली'. शेजारच्या घड्याळजींनी बाबांना गाठून अभिनंदन केलं. बाबा इतके भडकले की घड्याळजींना उत्तर न देता घरात आले आणि त्यांनी चपला भिरकावल्या. "माझ्या पोरीला हसताय, आणि वर मला शाबासकी देताय!" पुन्हाताईने वर्तमानपत्र घडी करून रद्दीत टाकलं. बाबांनी ते काढून फाडलं आणि मग परत टाकलं.

निकालाला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत तिने तो निकाल मनातल्या मनात शंभर वेळा लिहिला, आणि प्रत्येक वेळी त्यात पाकिटं होती. 'साक्षीदाराच्या निष्काळजीपणामुळे'. 'विश्वास ठेवता येत नाही'. बोलताना वाक्य अर्ध्यावर सोडायची तिला सवय लागली. कचेरीतल्या नव्या कामात तिने काकांना प्रत्येक आकडा तीन ठिकाणांहून आणायला लावला. शेवटी काका म्हणाले, "ताई, या वेगाने हे काम माझ्या निवृत्तीत पुरं होईल." ती हसली, पण आकडे आणायला लावलेच.

एका गुरुवारी सकाळी निकाल आला. वकीलबाईंचा फोनवर आवाज फुटला होता, "जिंकलो! करार बेकायदा ठरला! जिंकलो, ताई!" पुन्हाताईने फोन ठेवला आणि दोनशे दहा पानांत पाकिटं शोधायला सुरुवात केली. ती एका तळटीपेत होती. अडीच ओळी. साक्षीदाराने ही चूक स्वतःहून दुरुस्त केली असून तिचा एकूण रकमेवर परिणाम नगण्य आहे. बस, एवढंच. पाच महिने जिने तिचं जेवण खाल्लं ती गोष्ट अडीच ओळींत आटोपली होती.

तिने खुर्चीत मागे रेलून श्वास घेतला आणि मग सुरुवातीपासून वाचायला घेतलं. एकशे ऐंशीव्या पानावर ती थांबली. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की लहान कंपनीचा कारखाना तपासणीत नापास झाला होता, दुरुस्त्यांना वेळ लागलाच असता, आणि या मुद्द्यावर विचारलं असता साक्षीदाराने समाधानकारक उत्तर दिलं नाही. म्हणून नुकसानीचा काळ सव्वीस महिने न धरता पंधरा महिने धरावा.

अकरा महिने कापले गेले. म्हणजे शंभरातले बेचाळीस. हजारात सहासाठी ती मरत होती, आणि हे तिने पाण्याच्या घोटाबरोबर घालवलं होतं. फारसा फरक पडला नसता. तिच्याकडे उत्तर होतं, हेच वाईट. दुरुस्त्या किती काळात होतात याची माहिती तिने जमवलेली होती. खणात होती. कुणी घाबरवलं असतं तर तिने ती घडाघडा सांगितली असती. पण त्या वेळी तिला भीतीच वाटली नव्हती.

वकीलबाईंनी तिला दोष दिला नाही. "औषध बाजारात कधी आलं असतं, तो काळ कुणाच्याही बाबतीत कापला जातो," त्या म्हणाल्या. "अर्धं मिळालं तरी मी नाचते." त्या खरंच खुशीत होत्या. पुन्हाताईला ते खरं वाटायला चार दिवस लागले, आणि पाचव्या दिवशी परत वाटेनासं झालं.

निकालाच्याच दिवशी संध्याकाळी तिने बाबांना सगळं सांगितलं, तपासणीचं, अकरा महिन्यांचं.

"मग माझ्यामुळे नाही गेलं?" त्यांनी विचारलं.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं की या पाच महिन्यांत घरात दुसराही एक माणूस निकालाची वाट बघत होता, आणि त्याला विचारायचं तिला सुचलं नव्हतं. "नाही हो, बाबा," ती म्हणाली. "तुमच्यामुळे काहीच गेलं नाही. तुमच्यामुळे जे मिळालं ते तरी खऱ्या आकड्यावर मिळालं." त्यांनी मान डोलावली. त्या दिवशी ते तिच्याबरोबर टेबलावर जेवले, आणि निकालाची पहिली तीस पानं त्यांनी जेवतानाच वाचून काढली.

मोठी कंपनी अपिलात गेली. आता तीन नवे न्यायाधीश तिची साक्ष वाचणार होते, शब्दन् शब्द. पापणी परत सुरू झाली. तिने स्वतःच्या साक्षीची प्रत मागवून घेतली, आणि ज्या ज्या ठिकाणी आपण थोडक्यात उत्तर दिलं तिथे तिथे लाल खूण केली. एकोणीस जागा निघाल्या. त्या एकोणीस जागांवर काय म्हणायला हवं होतं, ते तिने वेगळ्या वहीत लिहून काढलं. कुणी मागितलं नव्हतं, अपिलात नवी साक्ष होतही नाही. काकांनी एकदा विचारलं, "याचा उपयोग काय?" ती म्हणाली, "काहीच नाही," आणि लिहीत राहिली.

सात महिन्यांनी एका मंगळवारी अकराच्या सुमाराला दोन्ही बाजूंनी तडजोड करून अपील मागे घेतलं. ती त्या वेळी दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडून बसली होती. तिला कळवायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. बुधवारी दुपारी काकांनी दुसऱ्याच कामासाठी वकीलबाईंच्या कचेरीत फोन केला, तेव्हा तिकडून सहज सांगितलं गेलं.

काका तिच्या दारात येऊन उभे राहिले. "ताई, ते मिटलं. कालच."

"काय मिटलं?"

"फिटच्या गोळीचं. सगळं. आता कोणी काही वाचणार नाही."

दाताची सूज अजून उतरली नव्हती, त्यामुळे तोंड जरा वाकडं झालं होतं आणि ती हसते आहे की नाही ते काकांना कळेना. मग तिने साक्षीची लाल खुणांची प्रत खणात सरकवली आणि खुर्ची पुढे ओढली.

"डोळ्यांच्या थेंबांचं नवं काम आलंय ना, त्याची बाटली मागवलीत का?" तिने विचारलं.

"मागवली. दुकानातलीही आणि रुग्णालयातलीही."

"लहान मुलांची वेगळी असते का, विचारलंत?"

काका म्हणाले, ते नाही विचारलं, आणि फोन करायला वळले.